बोटं बधिर होतात, मुंग्या येतात : आपापले अनुभव लिहा

माझी आई पोळ्या करत होती. पोळी उलटताना तिचं बोट तव्याला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. मी ओट्यापाशीच उभी होते. "आई, बोट!" असं ओरडले तेव्हा तिने हात उचलला, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, कळलंच नाही मला." तर्जनीच्या टोकाला टरारून फोड आला होता.

त्याआधी दोन वर्षं तिला मुंग्या येत होत्या. रात्री दोन-अडीचला उठून ती पलंगाच्या कडेला बसायची आणि थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायची. पाच मिनिटांनी बरं वाटलं की झोपायची. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, तेल लावून झालं, कुणीतरी दिलेलं तांब्याचं कडंही घालून झालं. मग मुंग्या कमी झाल्या, आणि आम्हाला वाटलं की गुण आला. खरं तर तेव्हा बोटांची जाणीवच कमी होत चालली होती.

फोडाच्या निमित्ताने डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली बोटं?" आई म्हणाली, "सगळीच." "करंगळी?" ती थांबली. एकेक बोट चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "नाही हो, करंगळी चांगली आहे." मग त्यांनी दोन्ही हात तळवे वर करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी गुबगुबीत उंचवटा होता. उजवीकडे तो बसलेला होता, खळगाच म्हणा. दोन वर्षं त्याच हाताने ती मला वाढत होती आणि मी तो कधी पाहिला नव्हता.

मनगटात आठ छोट्या हाडांची पन्हळ असते, तिच्यावर एक जाड पट्टा, आणि मधल्या बोगद्यातून बोटं मिटायला लावणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळी तिच्या वाट्याला नाही. बोगद्यात जागा कमी झाली की नस चेपते. याला कार्पल टनेल म्हणतात. आईचं ऑपरेशन फक्त हात बधिर करून झालं, सकाळी गेलो आणि दुपारी घरी आलो. त्या रात्री ती सलग झोपली. पण अंगठ्याचा उंचवटा भरून आला नाही. आज अकरा महिन्यांनीही तिला सेफ्टी पिन लावता येत नाही. टेबलावरचं नाणं तिला चिमटीत उचलता येत नाही, ते ओढत कडेपर्यंत आणते आणि खाली डावा हात धरते.

आम्ही वर्षभर आधी गेलो असतो तर हे टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून हा धागा काढते आहे. कुठली बोटं, कुठल्या वेळी, किती दिवस अंगावर काढलंत आणि शेवटी काय निघालं, हे लिहा. एक विनंती : नुसतं "अमुक तेलाने बरं वाटलं" एवढंच लिहू नका, निदान काय झालं तेही सांगा.

*

सोलापूरहून, शिवणकाम करते

ताई, तुमच्या आईचं वाचून माझा हात आपोआप दुसऱ्या हातावर गेला. मला चार वर्षांपूर्वी सुरू झालं. दिवाळीच्या आधी दीड महिना रोज दहा-बारा तास मशीनवर असायचे. मशीनचं काही वाटायचं नाही, त्रास व्हायचा तो कात्रीचा. जाड कापडाचे थर एकदम कापायला लागले की मधलं बोट आधी जड व्हायचं. रात्री तर दोन्ही हात पलंगाखाली लोंबते सोडून झोपायचे.

आमच्या जवळच्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून सलाइन लावलं. दोनदा. शेवटी जाऊबाईंनी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं खाली करून मिनिटभर धरायला सांगितलं. अर्ध्या मिनिटातच मुंग्या आल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. "वजन वाढलंय का? थंडी जास्त वाजते का? केस गळतात का?" असं विचारत गेले आणि मी सगळ्याला हो म्हणत गेले. रक्त तपासलं तर थायरॉइड. शरीराला सूज येते तशी मनगटाच्या आतही येते म्हणाले. थायरॉइडची गोळी आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, या दोन्हींनी तीन महिन्यांत रात्रीचा त्रास गेला. ऑपरेशन लागलं नाही. आता कापड कापायला आठवड्यातले दोन दिवस एक मुलगी येते.

झोपेत आपण मनगट किती मुडपून झोपतो हे पट्टा लावल्यावर कळलं. माझा हात रोज गालाखाली असायचा.

*

नाशिक

मला सातव्या महिन्यात झालं होतं. डोहाळजेवणाला बांगड्या चढेनात आणि अंगठा-तर्जनी बधिर. पाणी साठून होतं, बाळंतपणानंतर जाईल असं डॉक्टर म्हणाल्या आणि तसंच झालं. बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत गेलं. गरोदरपणी हे पुष्कळ जणींना होतं, पण सांगा जरूर, कारण सूज आहे म्हटल्यावर त्यांनी माझं रक्तदाबाचं आणि लघवीचंही लगेच पाहिलं.

*

कऱ्हाडजवळून, गोठा आहे

आमच्याकडं सहा म्हशी आणि दोन गाई. पहाटे चारला आणि संध्याकाळी पाचला धारा. मी अंगठा मुडपून धार काढायचो, वडिलांनी तसंच शिकवलेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, तसं काढू नका, सडाला इजा होते. माझ्या हाताला होते हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा धार काढता काढता बोटं सुन्न व्हायची. मग मोटरसायकलचं हँडल धरलं तरी. मग एक दिवस पाच लिटरची किटली डेअरीच्या दारात हातातनं सुटली. दूध गेलं त्याचं काही नाही, पण माणसं बघत होती आणि मला स्वतःला कळंना की सुटली कशी. मी घट्ट धरली होती असंच मला वाटत होतं.

कऱ्हाडला नसांची तपासणी केली. उजव्या हाताची नस बरीच दबलेली, डाव्याची थोडी. एक इंजेक्शन मनगटात घेतलं, चार महिने चांगले गेले, परत सुरू झालं. मग ऑपरेशन. मशीन घेतलं धारेचं. ताई, एक विचारायचं होतं. ऑपरेशनला पाच महिने झाले, मधल्या बोटाचं टोक अजून पूर्ण आलं नाही. येतं का?

*

(धागा काढणारी) : दादा, आईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नस सावरते पण फार हळू, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून महिन्यांच्या हिशोबाने बघा, आठवड्यांच्या नको. आईच्या मधल्या बोटाला सहाव्या महिन्यानंतर कापूस आणि कागद यातला फरक कळायला लागला. पण तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

*

पुणे, स्पर्धा परीक्षेची तयारी

माझं उलटं आहे. अंगठा-तर्जनी ठणठणीत, बधिर व्हायची ती करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू. अक्षरशः अर्धी. अनामिकेवर मधोमध पेनाने रेघ मारता आली असती.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी रोज बारा तास बसायचो. डावं कोपर टेबलावर, हनुवटी तळहातावर, उजव्या हाताने टिपणं. रात्री कोपर दुमडून फोन कानाला. कोपराच्या आतल्या बाजूला जिथे आपटलं की झिणझिणी जाते ना, तिथून एक नस जाते, हाडाला अगदी लागून. मी तिच्यावर वर्षभर वजन टाकून बसलो होतो. मित्रांनी सांगितलं, मणक्यात गॅप असेल. मी मानेचा पट्टा आणून घातलाही.

डॉक्टरांनी एक कागद अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये धरायला दिला आणि ओढला. उजवीकडे मी घट्ट धरू शकलो. डावीकडे कागद टिकवायला माझा अंगठा आपोआप टोकाशी वाकत होता. हे मला दिसेपर्यंत हातातली ताकद कमी झाली आहे हे माहीतच नव्हतं. कोपराखाली उशी, रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळून झोपायचं म्हणजे ते दुमडत नाही, फोनला हेडफोन. दोन महिन्यांत फरक पडला. करंगळी बधिर असेल तर मनगटाचा पट्टा विकत आणण्याआधी कोपराकडे बघा, एवढं सांगायचं होतं.

*

गडचिरोली जिल्हा, आरोग्याचं काम करते

वरच्या दादांनी लिहिलंय ती दोन बोटं माझ्याही ओळखीची आहेत, पण दुसऱ्या कारणाने. शहरातल्या वाचणाऱ्यांना हे लांबचं वाटेल, तरी पूर्ण वाचा.

दोन वर्षांमागे घरोघरच्या तपासणीत एका घरी गेले. घरधनी चाळिशीचा, मजुरी करणारा. करंगळीवर जुन्या भाजल्याच्या खुणा, एकावर एक. बिडी बोटापर्यंत जळत यायची आणि त्याला कळायचं नाही. हाताच्या बाहेरच्या बाजूला फिकट लालसर चट्टा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मी त्याला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, कुठे लागतंय बोट ठेवून दाखवा. तो म्हणाला, "तुम्ही अजून सुरूच नाही केलं ना जी?" कोपरामागे हात लावला तर शीर सुतळीसारखी जाड लागत होती.

कुष्ठरोग. तो ते नाव ऐकूनच उठून आत गेला. बायको दारात उभी राहिली. मी त्या घरी चार वेळा गेले तेव्हा तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. म्हणत होता, "दुखतच नाही, तर दवाखान्यात कशाले जाऊ?" हेच तर या रोगाचं आहे. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही.

हा रोग जंतूंमुळे होतो. नॉर्वेतल्या हॅन्सन यांनी ते १८७३ मध्ये दाखवलं. पापाचा, शापाचा याच्याशी काही संबंध नाही. औषधांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चट्टे किती आणि नसा किती यावर सहा महिने किंवा बारा महिने घ्यावी लागतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला होण्याचा धोका जातो, घरातून वेगळं काढायचं काही कारण नाही. नसेचा बधिरपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला, तर वेगळ्या गोळ्या देऊन गेलेली जाणीव पुष्कळदा परत येते. जुना झाला की बोट वाकतं आणि वाकलेलंच राहतं.

आमच्या शेजारच्या जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन कित्येक दशकांपासून उभं आहे. अख्ख्या महाराष्ट्राला ते नाव पाठ आहे, तरी त्याच महाराष्ट्रात लोक चट्टा बाहीखाली लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या दादांची करंगळी थोडी वाकली ती वाकली. बाकी हात वाचला. आता विळा धरतो, आणि धरण्याआधी मुठीला कापड गुंडाळतो, मी शिकवलं तसं.

*

सांगली, बँकेतून निवृत्त

मला अठरा वर्षं मधुमेह आहे आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. आधी पायांना मुंग्या, मग वर्षभराने दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांना. हातमोजे घालून वस्तू उचलतोय असं वाटे. मी स्वतःच ठरवून टाकलं की हे साखरेचं आहे आणि आता हे असंच राहणार.

एके दिवशी बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि मी पुढे झोकांडलो. नळाला धरलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशीही तेच. डोळे उघडे असले की ठीक, मिटले की तोल जातो. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते एकदम सावध झाले. पायांकडून मेंदूला निरोपच नीट पोचत नाही, डोळ्यांनी आपण ते भागवत असतो, असं त्यांनी समजावलं. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तपासलं, फारच कमी निघालं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ते कमी होतं. ॲसिडिटीची गोळीही मी सात-आठ वर्षं रोज घेत होतो, तिनेही होतं. वर शाकाहार. तिन्ही बाजूंनी कोंडी.

इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे. तोल सुधारला. बोटांची टोकं निम्मी सुधारली, उरलेलं बहुधा साखरेचं आणि उशीर झाल्याचं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी पुढच्या रक्ततपासणीत बी-ट्वेल्व्हची आठवण आपणहून करून द्यावी. आणि गोळी मनाने बंद करू नये, मी ती चूक पंधरा दिवस केली आणि साखर चढली.

*

बेंगळुरू, आयटी

मान उजवीकडे वळवली की उजव्या अंगठ्यात करंट. एमआरआय, मानेतली नस. व्यायामाने सहा आठवड्यांत गेलं.

*

कोल्हापूर

वरच्या एका ओळीला जोडून मला माझ्या वडिलांचं सांगू दे, कारण मानेचं नेहमी इतकं सोपं नसतं.

वडील निवृत्त शिक्षक. अक्षर मोत्यासारखं. बँकेने सही जुळत नाही म्हणून त्यांचा चेक परत पाठवला. ते चिडले, बँकेत जाऊन पुन्हा सही केली, तीही जुळली नाही. घरी येऊन त्यांनी कागदावर वीस सह्या केल्या. मी ते कागद पाहिले, प्रत्येक सही वेगळी. मग एकेक लक्षात येत गेलं. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागत होता. चहाच्या कपाचा कान दोन्ही हातांनी धरत होते. चालताना पाय ताठ पडत होते, चप्पल निसटायची. दोन्ही हात बधिर, पण दुखत काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

ओळखीच्यांनी मालिशवाल्याकडे पाठवलं. त्याने मान कडकडा वळवली. त्या रात्री पाय जास्तच जड झाले. तिसऱ्या दिवशी न्यूरोसर्जनकडे गेलो तेव्हा ते मालिशीचं ऐकून काही क्षण बोललेच नाहीत. मानेत मज्जारज्जूच दाबला जात होता. हातातली सफाई जाणं आणि चालीत फरक पडणं, ही दोन एकत्र आली की थांबायचं नाही. त्यात लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी जायचं, असं त्यांनी बजावलं. ऑपरेशन झालं. आणखी बिघडायचं थांबलं, चाल बरीच सुधारली. अक्षर परत आलं नाही. आता अंगठा लावतात बँकेत. ते त्यांना फार लागतं.

*

मडगाव

लिहू की नको असं चाललं होतं. पण लिहिते.

ह्यांना जेवताना उजव्या हाताची बोटं एकदम बधिर झाली, घास ताटात पडला. ओठाची एक बाजूही सुन्न. "हात झोपला वाटतं," म्हणाले आणि ते बोलणं थोडं बोबडं आलं. दहा मिनिटांत सगळं ठीक. त्यांनी उरलेलं जेवण जेवलं. मी म्हटलं, सकाळी दाखवूया. सकाळी ते एकदम ठणठणीत होते, कामावर गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे उजवी बाजू पूर्ण गेली.

ते पहिले दहा मिनिटं म्हणजे इशारा होता, हे नंतर कळलं. मेंदूची रक्तवाहिनी थोडा वेळ अडून मोकळी झाली होती. मुंग्या हळूहळू महिनोन् महिने येतात ती एक गोष्ट, आणि हे एकदम, एका बाजूला, हातासोबत तोंड किंवा बोलणं, ही वेगळीच गोष्ट. बरं वाटलं तरी त्याच क्षणी निघायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत झालं की कधी सुरू झालं हेच सांगता येत नाही. आम्हाला नाही सांगता आलं. १०८ लावा, सीटी स्कॅन असेल अशा रुग्णालयात न्या, जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका.

आता ते काठीने चालतात. बोलतात. डाव्या हाताने जेवतात.

*

(धागा काढणारी) : वहिनी, तुम्ही लिहिलंत, मनापासून आभारी आहे. हे सगळ्यांनी दोनदा वाचावं.

*

पुणे, सिंहगड रस्ता

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण एकामागून एक सापडत होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या भाच्याला जुलाब झाले, तीन-चार दिवसांत थांबले. आठवड्याने दोन्ही पायांना आणि दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या. सकाळी मुंग्या होत्या, संध्याकाळी जिना चढताना गुडघे वाकायला लागले, दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडेना. इतक्या वेगाने. त्या दिवसांत सगळीकडे त्याचीच चर्चा असल्यामुळे आम्ही तडक रुग्णालय गाठलं, नाहीतर अशक्तपणा म्हणून नारळपाणी देत बसलो असतो. पोटातल्या काही जंतूंच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. छातीच्या स्नायूंपर्यंत गेलं तर श्वास अडतो, म्हणून दाखल करून सारखं लक्ष ठेवतात. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिलं. व्हेंटिलेटर लागला नाही. तीन महिन्यांनी क्रिकेट खेळायला लागला.

मुंग्या तासातासाने वर चढत असतील आणि सोबत ताकद जात असेल, तर रात्र काढू नका.

*

टोरांटो

थोडं वेगळं. इथल्या पहिल्या हिवाळ्यात बोटं आधी खडूसारखी पांढरी, मग निळसर आणि घरात आल्यावर लालबुंद होऊन ठणकायची. फ्रीजरमधून मटार काढतानाही. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, रेनो म्हणतात. पुष्कळांना ते एवढंच असतं, पण माझ्या डॉक्टरांनी संधिवाताच्या जातीचे आजार तपासायला रक्त घेतलं, ते ठीक आलं. माझ्या नवऱ्याला सिगारेट सोडायला लावली ती याच भेटीत, कारण तंबाखूनेही बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो.

*

मुंबई

आईला आतड्याच्या कॅन्सरसाठी किमो चालू होती तेव्हा फ्रीजमधली बाटली हातात घेतली की सुया टोचायच्या. ती सोसत राहिली, "औषध कडक आहे तर होणारच" म्हणून. तिसऱ्या फेरीला मी नर्सबाईंना सहज बोलले, तर त्या म्हणाल्या की हे प्रत्येक वेळी सांगायचं असतं, डोस त्याप्रमाणे बदलतात. टीबीच्या गोळ्यांनीही मुंग्या येतात, त्यासोबत बी-सिक्स जीवनसत्त्व देतात, हे माझ्या भावाच्या वेळी कळलं होतं. औषध चालू असेल तर सोसू नका, बंदही करू नका. सांगा.

*

छत्रपती संभाजीनगर, फिजिओथेरपिस्ट

सगळं वाचलं. नसांच्या तपासणीला लोक घाबरतात म्हणून तिच्याबद्दल लिहिते. हाताला पट्ट्या चिकटवून छोटे करंट देतात आणि निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. टचटच टोचल्यासारखं वाटतं, साधारण अर्धा-पाऊण तास. थंड हातात वेग कमी येतो, म्हणून हात गरम करून घेतात. सुरुवातीच्या दिवसांत ही तपासणी नॉर्मलही येऊ शकते, तेव्हा "रिपोर्ट चांगला आला, म्हणजे काही नाही" असं धरू नका.

मनगटाच्या पट्ट्याबद्दल. बाजारात मिळणारे पुष्कळ पट्टे हात मागे वाकवून ठेवतात. तो सरळ हवा, हस्तांदोलन करायला हात पुढे केल्यासारखा. आवळून बांधायचा नाही, आणि दिवसभर घालून बसायचं नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक वही ठेवायला सांगते. हाताचं चित्र काढायचं आणि बधिर भाग पेन्सिलने रंगवायचा, शेजारी वेळ. आठवडाभराचं ते पान घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर निम्मं निदान तिथेच होतं. "सगळा हात" असं सगळेच म्हणतात. रंगवायला बसलं की करंगळी सुटते, किंवा अंगठा सुटतो.

कधी जायचं? हात चुकीचा दाबला जाऊन मुंग्या आल्या आणि हलवल्यावर गेल्या, त्याला काही करायचं नसतं. रोज रात्री जाग येत असेल, दोन-तीन आठवडे चालू असेल, तर वेळ घेऊन जा. वस्तू पडायला लागल्या, बटण जमेना, भाजलेलं कळेना, अंगठ्याचा उंचवटा बसला, की वाट बघायची वेळ गेलेली आहे. आणि मडगावच्या ताई, कोल्हापूरचे दादा आणि सिंहगड रस्ता यांनी लिहिलंय ते तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. डाव्या हाताच्या मुंग्यांसोबत छातीत दाब आणि घाम असेल तेही त्यातच धरा.

*

सोलापूरहून, शिवणकाम करते

बाई, माझा पट्टा मागे वाकवणाराच आहे. आजच बदलते.

*

कऱ्हाडजवळून, गोठा आहे

काल रात्री हा सगळा धागा घरात वाचून दाखवला. मग ताईंनी लिहिलंय तसे सगळ्यांचे हात टेबलावर ठेवायला लावले, तळवे वर करून. माझे, आईचे, पोरांचे. आमची ही चुलीपाशी होती, "मला काय झालंय" म्हणत होती. बोलावून घेतलं. तिचा उजवा अंगठा बुडापाशी बसलाय. माझ्यापेक्षा जास्त.

मी आजारी होतो ते चार महिने सगळ्या धारा तीच काढत होती. मशीन नंतर आलं. रात्री उठून हात झटकते हे पोरीला माहीत होतं, मला नव्हतं. सोमवारी कऱ्हाडला नेतोय. पोरीने तिच्या हाताचं चित्र काढलंय वहीत, ही रोज सकाळी तिला सांगते आणि पोरगी रंगवते.